दक्षिण गंगोत्री नेमकी कुठे? ध्रुवीय नावांची यादी वाचताना

माझ्या मामाला एकदा मी सांगितलं, की सध्या दक्षिण गंगोत्रीवर वाचतेय. तो म्हणाला, "अगं मग लायब्ररीत कशाला बसलीस? त्र्यंबकची एसटी पकड, तासाभरात पोचशील."

मामाचं चुकत नव्हतं. नाशिककर माणूस गोदावरीला गोदावरी म्हणतो ते शाळेच्या पेपरात. एरवी आम्ही "गंगेवर" जातो, पूर आला की "गंगेला पाणी आलं" म्हणतो, आणि भाजीबाजारही गंगेवरच भरतो. गोदावरी म्हणजे दक्षिण गंगा. ती उगवते त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर. तिथल्या एका जागेचं नावच गंगाद्वार. मग दक्षिण गंगोत्री त्र्यंबकला नसेल तर कुठे असेल?

मी वाचत होते ती दक्षिण गंगोत्री अंटार्क्टिकावरची, म्हणजे १९८३-८४ मध्ये तिसऱ्या मोहिमेत उभं राहिलेलं भारताचं पहिलं संशोधन केंद्र. पण मामाच्या वाक्याने एक गोष्ट डोक्यात बसली. नाव ऐकलं की माणूस ते आपल्या ओळखीच्या जागी नेऊन ठेवतो. आणि ध्रुवीय प्रदेशात ज्यांनी नावं ठेवली त्यांनी बहुतेक वेळा हेच उलट्या दिशेने केलं, म्हणजे आपल्या ओळखीचं नाव अनोळखी जागी नेऊन ठेवलं.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय. त्यामुळे ध्रुवीय नावांची गंमत सांगून थांबत नाही. ज्या साधनावरून ही नावं अभ्यासली जातात त्याची चिकित्सा करायची आहे, आणि ते साधन वापरताना मी स्वतः कशी तोंडावर आपटले तेही सांगायचं आहे.

साधन म्हणजे अंटार्क्टिकाचं संयुक्त गॅझेटिअर. अंटार्क्टिक संशोधनाची 'स्कार' नावाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती आहे. भारत १९८४ पासून तिचा पूर्ण सदस्य आहे. या समितीने १९९२ पासून वेगवेगळ्या देशांच्या नावांच्या याद्या एकत्र करायला घेतल्या. आज ती यादी इंटरनेटवर कुणालाही उघडता येते, उतरवून घेता येते. नाव, देश, अक्षांश-रेखांश, जागेचा प्रकार (शिखर, हिमनदी, तळं, भूशिर वगैरे) आणि बऱ्याच नोंदींना दोन-चार ओळींची हकिगत. डेटा आयता, स्वच्छ, फुकट. संशोधक विद्यार्थ्याला आणखी काय हवं!

मी ती यादी एक्सेलमध्ये घेतली, देशाप्रमाणे लावली आणि एक छान गोल आलेख काढला. अमेरिका, ब्रिटन, रशिया यांचे मोठे तुकडे. भारताचा तुकडा शोधायला भिंग लागेल असा. खाली मी ठणकावून लिहिलं होतं, की नामकरणाच्या संख्येवरून पाहता भारताचं अंटार्क्टिकातलं काम नगण्य ठरतं. हे पान सिनॉप्सिसमध्ये गेलं होतं आणि संशोधन समितीपुढे बसायला आठ दिवस उरले होते.

सरांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "यात तळी किती आहेत?"

मी फिल्टर लावून आकडा सांगितला.

"ही तळ्यांच्या ओळींची संख्या झाली. तळी किती?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी शिर्माखर ओअॅसिसमधलं एक तळं दाखवलं. भारताचं मैत्री केंद्र १९८९ पासून याच तळ्याच्या काठाशी आहे, केंद्राला पाणी इथूनच मिळतं. आपल्या मोहिमांच्या अहवालांत याचं नाव प्रियदर्शिनी. रशियन नकाशांत हेच तळं झुब. तळं एक, नावं दोन. आणि मी ओळी मोजून जागा मोजल्याच्या थाटात निष्कर्ष काढून बसले होते.

या यादीची सगळ्यात पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ढोबळमानाने वीस हजारांच्या आसपास जागा आणि त्यांना चाळीस हजारांच्या आसपास नावं, असा हा कारभार आहे. यादीत जागेला वेगळा क्रमांक असतो, नावाला वेगळा. दोन्ही रकाने शेजारी असतात आणि दोन्हीत नुसते आकडे असतात, म्हणून घाईत आपण ते ओलांडून पुढे जातो. मी गेलेच होते. आलेख मागे घेतला, त्या समितीपुढे बसले नाही, पुढच्या तारखेला बसले. मधल्या काळात मला कळलं, की एका जागेला दोन-दोन, तीन-तीन नावं असणं हा यादीतला दोष नाहीच. अभ्यास करायचा तो याचाच.

थोडं मागे जाऊ. १ डिसेंबर १९५९ ला बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या, १९६१ मध्ये तो लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमाने सगळ्यांचे मालकीचे दावे आहेत तिथे गोठवले. जुने दावे कुणी सोडायचे नाहीत, नवे कुणी करायचे नाहीत, आणि करार चालू असताना केलेल्या कुठल्याही कृतीला दाव्याचा आधार म्हणून किंमत नाही. म्हणजे खंडाला सातबारा नाही. तलाठी नाही, तहसीलदार नाही, आणि नाव ठेवण्याचा अधिकारही कुणा एकाकडे नाही. प्रत्येक देशाची आपापली समिती, आपापले नियम. स्कारची शिफारस आहे, की ज्या जागेला आधीच नाव आहे तिला नवीन नाव देऊ नये. पण ती शिफारस आहे, हुकूम नाही.

करार व्हायच्या आधी तर काय चाललं होतं ते एकाच उदाहरणावरून पाहा. दक्षिण अमेरिकेच्या दिशेने वर आलेला अंटार्क्टिकाचा जो लांब हात आहे, त्याला ब्रिटिश म्हणत ग्रॅहम लँड, अमेरिकन म्हणत पामर पेनिन्सुला, चिलीचे लोक म्हणत ओ'हिगिन्सची भूमी आणि अर्जेंटिनाचे लोक सान मार्तीनची भूमी. ओ'हिगिन्स आणि सान मार्तीन हे त्या दोन देशांच्या स्वातंत्र्यलढ्यांचे नायक. ग्रॅहम ब्रिटिश आरमारखात्यातला मोठा अधिकारी. पामर अमेरिकन सीलशिकारी खलाशी. चार नावांतून चार देशांचं राजकारण सरळ वाचता येतं. १९६४ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने आपसात तडजोड केली: पूर्ण हाताला अंटार्क्टिक द्वीपकल्प म्हणायचं, वरचा भाग ग्रॅहम, खालचा पामर. वाटणीच्या भांडणात घर सामाईक ठेवून खोल्या वाटून घ्याव्यात तसं.

आणि हे जुन्या काळातलंच आहे असं समजू नका. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटनने आपण दावा सांगतो त्या भागातल्या सुमारे ४,३७,००० चौरस किलोमीटर प्रदेशाला क्वीन एलिझाबेथ लँड असं नाव दिलं. निमित्त राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाचं. अर्जेंटिनाने लगेच निषेध नोंदवला, कारण त्याच बर्फावर त्यांचाही दावा आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे, म्हणजे महाराष्ट्राहून मोठा प्रदेश एका वाढदिवसाच्या भेटीसारखा दिला गेला! दावे गोठलेले असले तरी नावं गोठलेली नाहीत, हे या एका घटनेत दिसतं.

आता आपल्या मैत्री केंद्राच्या जागेकडे या. शिर्माखर हे नाव कुणाचं? रिखार्डहाइनरिख शिर्माखर हा जर्मन वैमानिक. १९३८-३९ मध्ये आल्फ्रेड रिट्शरच्या नेतृत्वाखाली श्वाबेनलांट नावाच्या जहाजावरून नाझी जर्मनीची मोहीम आली. जहाजावरून दोन उडत्या बोटी सुटायच्या, बर्फावरून उडत फोटो काढायच्या आणि जाता जाता स्वस्तिकाची खूण असलेले धातूचे बाण खाली टाकायच्या. जमिनीवर पाय जवळजवळ न ठेवता शेकडो किलोमीटरची नावं ठरली. बर्फातला उघडा खडकाळ पट्टा शिर्माखरला विमानातून दिसला, म्हणून तो शिर्माखर ओअॅसिस. मागच्या डोंगरांना नाव मिळालं वोल्थाट. हा त्या मोहिमेच्या व्यवस्थेशी संबंधित जर्मन सरकारी अर्थ-अधिकारी. नॉर्वेने तर ही मोहीम तिथे पोचायच्या आतच, जानेवारी १९३९ मध्ये, त्या सगळ्या भागावर दावा जाहीर केला. त्यांच्या लेखी तो क्वीन मॉड लँड, नॉर्वेच्या राणीच्या नावाचा.

म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक गेली चार दशकं ज्या खडकांवर पायी फिरून, हातोड्याने तुकडे काढून नकाशे करतायत, त्या जागांची नावं विमानातून बाण टाकणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. माझा आलेख चुकला तो इथे. नावांच्या संख्येवरून काम मोजायचं म्हटलं तर पाहणाऱ्यापेक्षा उडून जाणारा मोठा संशोधक ठरेल. नाव कोण आधी कागदावर आणतो यावर ठरतं. काम त्यानंतरही पिढ्यानपिढ्या चालतं. यादीत दुसऱ्या गोष्टीसाठी रकानाच नाही.

इथे तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मग भारतानेही धडाधड नावं द्यायला हवी होती. बल्गेरियाने दिली. १९९४ मध्ये त्यांनी यासाठी आयोग नेमला आणि आजवर हजाराहून जास्त नावं नोंदवली. लिव्हिंगस्टन बेट आणि आसपासच्या नकाशावर बल्गेरियातली खेडी, नद्या, जुने राजे यांची रांग लागलेली आहे. आपल्याकडे कल्पना करा: सटाणा शिखर, पेठ हिमनदी, इगतपुरी खिंड. मला हे ऐकायला आवडतं, खोटं कशाला सांगू. बल्गेरियन लोकांनी काम चोखही केलं. स्वतः मोजणी केली, प्रत्येक नावाची नोंद नीट लिहिली, लिप्यंतराचा नियम आधी ठरवला. त्यामुळे संशोधकाला त्यांच्या नोंदी सोन्यासारख्या आहेत. तरी नावं जास्त म्हणून तो देश अंटार्क्टिकात अमेरिकेशेजारी बसतो असं कुणी म्हणणार नाही. संख्येने फक्त एवढंच कळतं, की तिथली नामकरण समिती जागी आहे.

प्रत्येक समितीचा स्वभाव तिच्या नियमांत दिसतो. अमेरिकेच्या समितीचे नियम वाचताना मला हसू आवरलं नाही. जागांच्या आकारमानाप्रमाणे तीन श्रेण्या आणि माणसांच्या कामगिरीप्रमाणेही, म्हणजे मोठ्या माणसाला मोठा डोंगर. ओळखीपाळखीवरून सुचवलेली नावं नकोत. विकाऊ उत्पादनांची नकोत. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची आणि पाळीव प्राण्यांचीही नकोत! नियमात हे लिहावं लागलं, म्हणजे कुणीतरी कुत्र्याचं नाव सुचवलं असणारच. नियम वाचताना हा धडा लक्षात ठेवा. मनाई कशाला आहे त्यावरून आधी काय चाललं असेल याचा अंदाज येतो. आपण जुनी शासकीय परिपत्रकं अशीच वाचतो.

आता भारताने ठेवलेल्या नावांबद्दल. इथे मला थोडं टोचून बोलायचं आहे.

दक्षिण गंगोत्री, मैत्री, भारती. उत्तर ध्रुवाकडे स्वालबार्डमध्ये २००८ पासून हिमाद्री. ही केंद्रांची नावं, जागांची नाहीत, हे आधी स्पष्ट करून घ्या. वर्तमानपत्रं दोन्ही एकत्र करतात. केंद्राला नाव देणं घराला नाव देण्यासारखं, त्याला कुणाची हरकत नसते. पण दक्षिण गंगोत्रीच्या बाबतीत घोटाळा होतो. मूळ केंद्र समुद्राकडच्या तरंगत्या बर्फावर होतं. ते हळूहळू बर्फाखाली गेलं आणि १९९० मध्ये बंद झालं. शिर्माखर ओअॅसिसमध्ये बर्फाची एक जीभ खडकावर उतरते, तिचंही नाव दक्षिण गंगोत्री हिमनदी. हिच्या मुखाचं मागे सरकणं भारतीय शास्त्रज्ञ १९८३ पासून मोजतायत, आणि २००५ मध्ये तो भाग अंटार्क्टिक करारव्यवस्थेखाली विशेष संरक्षित क्षेत्र क्रमांक १६३ झाला. दोन वेगळ्या जागा, एकच नाव. प्रियदर्शिनी-झुबच्या अगदी उलट प्रकार. "दक्षिण गंगोत्री येथील तापमान" असं वाक्य एखाद्या प्रबंधात दिसलं तर पहिला प्रश्न हाच, की कुठल्या दक्षिण गंगोत्रीचं?

या दोहोंत हिमनदीचं नाव मला मनापासून पटतं. गंगोत्री ही हिमनदी, तिचं मुख गोमुख, तिथेही बर्फ मागे सरकतोय आणि इथेही त्याचंच मोजमाप चाललंय. नाव घेतलं की दोन्ही कामं शेजारी येऊन बसतात. केंद्राच्या बाबतीत तेच नाव केवळ पवित्र आणि गोड म्हणून आलं असावं असं मला वाटतं. अर्थात नॉर्वेवाल्यांनीही तेच केलं आहे. हिमाद्री ज्या गावात आहे ते न्यू-ओलेसुंड, म्हणजे नवं ओलेसुंड. जुनं ओलेसुंड नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं शहर. आणि हे गाव ज्या द्वीपसमूहात आहे त्याला डच खलाशी बारेंट्सने १५९६ मध्ये दिलेलं नाव स्पिट्सबर्गन. १९२५ मध्ये नॉर्वेची सत्ता आली तेव्हा त्यांनी जुन्या आइसलँडी बखरीतलं स्वालबार्ड हे नाव काढून पूर्ण समूहाला लावलं आणि स्पिट्सबर्गन फक्त मुख्य बेटापुरतं ठेवलं. जुनं नाव शोधून काढणं हासुद्धा ताबा सांगण्याचाच एक मार्ग. आपल्या शहरांच्या नामांतराच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

भारताची नावं ठेवण्याची सवय बदलते कशी, हे पाहायला समुद्राचा तळ जास्त चांगला. हिंदी महासागराच्या तळावरच्या डोंगरांना वैज्ञानिकांची नावं मिळाली: भूवैज्ञानिक वाडिया, समुद्रवैज्ञानिक पणिक्कर, सर सी. व्ही. रामन. एका डोंगराला तर सागर कन्या या संशोधन जहाजाचंच नाव. मग २०२४ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या कामातून पुढे आलेल्या तीन जागांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली: अशोक हा समुद्री पर्वत, आणि कल्पतरू व चंद्रगुप्त या दोन कणा. अशोक आणि कल्पतरू २०१२ मध्ये सापडले ते एका रशियन जहाजावरून, चंद्रगुप्त २०२० मध्ये आपल्या एमजीएस सागर जहाजावरून.

वैज्ञानिकांकडून सम्राटांकडे. माझी तक्रार सम्राटांबद्दल नाही. पण वाडिया हे नाव पाहिलं, की पुढचा विद्यार्थी वाडिया कोण हे शोधतो आणि भारतीय भूशास्त्राच्या इतिहासात पोचतो. चंद्रगुप्त नाव पाहून तो समुद्राच्या तळाकडे पोचत नाही. तो पाटण्याला पोचतो. ते नाव घरच्या लोकांना ऐकवण्यासाठी आहे. क्वीन मॉड आणि क्वीन एलिझाबेथ यांना आपण नावं ठेवतो, आणि आपली पाळी आली की आपणही राजेच काढतो. आणि ज्यांनी थंड समुद्रात महिनोन्महिने बसून तळाच्या खोलीचे आकडे गोळा केले, त्यांची नावं शोधनिबंधाच्या लेखकयादीत राहतात, नकाशावर येत नाहीत.

नकाशावर आलेलं एक भारतीय आडनाव आहे, पण ते दुसऱ्या देशाने ठेवलंय. अंटार्क्टिकाच्या मेरी बर्ड लँड भागात माउंट सिन्हा नावाचं शिखर आहे. अखौरी सिन्हा हे मूळचे बिहारचे, अमेरिकेत गेलेले जीवशास्त्रज्ञ. १९७१-७२ मध्ये ते सील, देवमासे आणि पक्षी मोजणाऱ्या तुकडीत होते. २०१४ मध्ये आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली, की भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचं नाव अंटार्क्टिकातल्या डोंगराला. वाचणाऱ्याला वाटावं परवाच बारसं झालं, आणि भारताचा काहीतरी सन्मान झाला. बातमी आणि मोहीम यांत चार दशकांचं अंतर आहे, आणि नाव दिलंय अमेरिकन समितीने, अमेरिकन मोहिमेतल्या सदस्याला, आपल्या नेहमीच्या नियमाने. सिन्हा यांचं काम यामुळे कणभरही कमी होत नाही. पण हे नाव "भारताच्या नावां"च्या रकान्यात टाकलंत तर तुमचा तक्ता बिघडला. नाव कुठल्या भाषेतलं आणि नाव कुणी ठेवलं हे दोन वेगळे रकाने ठेवा.

याच नियमाने पाहिलं तर महाराष्ट्रातलं एक गाव ध्रुवाजवळ पोचलेलं आहे. फक्त तो ध्रुव पृथ्वीचा नाही. मंगळावर सुमारे ७३ अंश उत्तर अक्षांशावर लोणार नावाचं विवर आहे. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावं द्यायची असा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा नियम आहे. त्यात कुणा लोणारकराने अर्ज केला नव्हता, कुठल्या सरकारने पाठपुरावा केला नव्हता. मंगळावर नावं मान्य करणारी संस्था एकच, म्हणून एका विवराला एक नाव. अंटार्क्टिकावर दोन डझनांच्या आसपास समित्या, म्हणून झुब आणि प्रियदर्शिनी. या दोन याद्या शेजारी ठेवून कुणी लिहिलं तर चांगला निबंध होईल. मी लिहिणार नाहीये, खुशाल घ्या.

आतापर्यंत मी अंटार्क्टिकाबद्दल बोलतेय जिथे मूळचं कुणीच राहत नव्हतं. आर्क्टिकात तसं नाही, आणि तिथे संयुक्त गॅझेटिअरसारखी यादी जास्त धोकादायक ठरू शकते. कॅनडातलं इकालुइत घ्या. नकाशावर ते फ्रोबिशर बे होतं, सोळाव्या शतकातल्या इंग्रज दर्यावर्दीच्या नावावरून. तिथे राहणारे इन्युइट लोक त्या जागेला इकालुइतच म्हणत, म्हणजे भरपूर माशांची जागा. १९८७ मध्ये अधिकृत नाव बदललं. आता अधिकृत यादीत १९८७ हे वर्ष पाहून कुणी म्हणेल, की हे नवं नाव. तारीख खरी आणि समजूत खोटी. यादीला फक्त आपल्या दारातून आत आलेली तारीख माहीत असते.

हे समजायला ध्रुवावर जायची गरज नाही. मुंबईकडून नाशिकला येताना उजव्या हाताला जो डोंगर दिसतो तो पांडवलेण्यांचा. पांडवांचा आणि त्या लेण्यांचा ऐतिहासिक संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात या डोंगराचं नाव आहे तिरण्हु, संस्कृतात त्रिरश्मी. आज काही जण आग्रहाने त्रिरश्मी लेणी म्हणतात, रिक्षावाला पांडवलेणी म्हणतो, आणि दोघांनाही ऐकणाऱ्याला जागा बरोबर कळते. कुठलं नाव "खरं" हे ठरवायला गेलात तर भांडण होईल. कुठलं नाव कुणाच्या नोंदीत, कधी, कशासाठी, हे विचारलंत तर दोन हजार वर्षांचा इतिहास हाती लागेल. शिलालेख कोरवणाऱ्याकडे कारागीर होता म्हणून तिरण्हु टिकलं. त्याच काळात खाली गुरं चारणारा त्या डोंगराला काय म्हणत होता, ते कुठल्याच दगडावर नाही.

एक भर घालते, कारण परीक्षेत कुणी विचारणार नाही आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल २०२४ मध्ये भारती केंद्रावर टपाल कार्यालय सुरू झालं. ते महाराष्ट्र टपाल परिमंडळाखाली येतं, आणि त्याला मिळालेला पिनकोड आहे एमएच-१७१८. अंटार्क्टिकावर एमएच! आमच्या ग्रुपवर हे आलं तेव्हा एकाने गाडीची नंबरप्लेट बनवून टाकली. हसण्यावारी नेलं तरी विचार करा: पिनकोडला कुणी भूगोलातलं नाव म्हणत नाही, संयुक्त गॅझेटिअरमध्ये तो येणार नाही, त्यावर कुणी निषेधही नोंदवणार नाही. पण त्या बर्फाला महाराष्ट्राशी जोडणारी खूण शोधायची तर आज ती टपालखात्याच्या शिक्क्यात आहे, नकाशावर नाही. यादीच्या बाहेर काय राहतं हे पाहायचं म्हणजे असं.

सिनॉप्सिस मी पुन्हा लिहिली ती या सगळ्यानंतर. आलेख काढून टाकला. त्याऐवजी शिर्माखर ओअॅसिस एवढाच तुकडा घेतला आणि प्रत्येक जागेला एक ओळ दिली. त्या ओळीत तिची सगळी नावं, प्रत्येक नावापुढे ठेवणारा देश, वर्ष, आणि "कुणाला ऐकवण्यासाठी" असा एक रकाना. समितीतल्या एका मॅडमनी या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं, "हे मत झालं, डेटा नाही." बरोबर आहे. म्हणून त्या रकान्यात मी आता हकिगतीतला आधार लिहिते, आणि आधार नसेल तर सेल मोकळा सोडते. मोकळे सेल आलेखात वाईट दिसतात, प्रकरणात मात्र तेच सगळ्यात जास्त कामाला येतायत.

सरावासाठी मी हा तक्ता आधी नाशिकवर भरून पाहिला होता. रामकुंड, ब्रह्मगिरी, पांडवलेण्यांचा डोंगर, गंगा-गोदावरी. तुम्हीही तुमच्या गावातल्या एका टेकडीवर किंवा ओढ्यावर भरून पाहा, एका दुपारचं काम आहे. माझ्या तक्त्यात शेवटची ओळ अशी आहे: जागा, ब्रह्मगिरीवरचं गंगाद्वार. नाव, दक्षिण गंगोत्री. ठेवणारा, मामा. लेखी नोंद, नाही.